मुरमुरची लेफ्से: अंदाजपंचे रेसिपी मापात कशी उतरवायची

नवऱ्याच्या आईच्या आईला आम्ही मुरमुर म्हणतो. नॉर्वेत आईची आई ती मुरमुर आणि बाबांची आई ती फारमुर, सरळ हिशोब, आपल्यासारखं "कुठली आजी, नाशिकची का सांगलीची" असं विचारावं लागत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भेळ आठवली होती, पण हे मी सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मुरमुर आता ८६ वर्षांची आहे, गुडब्रान्सडालेन खोऱ्यात राहते, आणि दर नोव्हेंबरात नाताळच्या तयारीला लेफ्से करते. लेफ्से म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पातळ मऊ पोळी. थोडक्यात सांगायचं तर आलू पराठ्यातला बटाटा आत न भरता कणकेतच मळला आणि मग पुरणपोळीपेक्षाही पातळ लाटला तर जे होईल ते. कोरड्या तव्यावर भाजायची, मग बटर, साखर, हवी तर दालचिनी लावून गुंडाळायची. आता नॉर्वेत बहुतेक लोक दुकानातून पाकीट आणतात, दोष नाही देत, कारण घरी करणं म्हणजे अख्खा दिवस जातो.

मुरमुरच्या वहीत या रेसिपीखाली चारच ओळी आहेत. बटाटे. बटर, क्रीम, मीठ. मैदा लागेल तसा. गरम तवा. बास! माझ्या आईच्या अनारशाच्या रेसिपीत पण असंच "हाताला कळतं" लिहिलंय, त्यामुळे मला हा आजार ओळखीचा होता. ती लेफ्से वहीतून मापात आणायला मला ३ नाताळ लागले. कुणाच्या घरी अशी मुरमुर असेल, नॉर्वेत किंवा कुठेही, तर हे कसं करायचं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी काटा, मग प्रश्न

पहिल्या वर्षी मी चूक केली की वही पेन घेऊन बसले आणि विचारत राहिले, मैदा किती, क्रीम किती. मुरमुर म्हणायची "लागेल तेवढा". चिडून नाही हं, तिला खरंच माहीत नाही, तिचे हात मोजतात, ती नाही. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले. प्रश्नच विचारले नाहीत, स्वयंपाकघरात डिजिटल काटा ठेवला आणि तिने हात लावायच्या आधी प्रत्येक वस्तूचं वजन करून घेतलं. मैद्याचं पाकीट सुरुवातीला किती आणि शेवटी किती, बटरची वडी आधी किती नंतर किती. जे कमी झालं ते रेसिपीत गेलं. तिला मधे थांबवायचं नाही, चमचा हातातून काढून घ्यायचा नाही, एवढंच पथ्य. आणि पोळपाटावर भुरभुरायचा मैदा वेगळ्या वाटीत काढून ठेवायचा, नाहीतर पिठातला किती आणि लाटताना किती हे कळत नाही आणि सगळं गणित चुकतं.

व्हिडिओ काढायचा तर चेहऱ्याचा नाही, हातांचा काढा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा जातायत का, लाटणं कुठून सुरू होतं, हे नंतर ५० वेळा बघावं लागतं. प्रश्न विचारायचेच असतील तर मापाचे सोडून बाकीचे विचारा: तुझी आई कुठले बटाटे घ्यायची, पीठ कशाचं होतं, भाजायला कोण यायचं. या शेवटच्या प्रश्नावर मुरमुर अर्धा तास बोलली. पूर्वी भाजणाऱ्या बायका शेतोशेती फिरायच्या, एकेका घरी काही दिवस मुक्काम करून फ्लाटब्रो नावाच्या कडक, वाळक्या भाकऱ्यांच्या चळती लावून द्यायच्या. त्या चळती स्ताबूरमध्ये जायच्या, म्हणजे दगडी किंवा लाकडी पायांवर उंच उचललेल्या लाकडी कोठारात, उंदीर चढू नये म्हणून. कोरडं राहिलं तर फ्लाटब्रो महिनोन्महिने टिकतं. लेफ्से मात्र मऊ, ती सणाची, ती संपवायचीच.

आता लेफ्से, मोजून मापून

१ किलो बटाटे, ६० ग्रॅम बटर, पाऊण डेसिलीटर म्हणजे ७५ मिली क्रीम, दीड चमचा मीठ, १ चमचा साखर, पिठात साधारण २२० ग्रॅम मैदा आणि लाटायला वरून ८० ग्रॅमच्या आसपास. यात १८ ते २० लेफ्से होतात. हे मुरमुरचं माप, काट्यावर पकडलेलं.

बटाटा जुना आणि पिठूळ हवा. नवा, पाणीदार, उकडल्यावर चिकट लागणारा बटाटा घेतलात तर तिथेच खेळ खलास, कारण जेवढं पाणी जास्त तेवढा मैदा जास्त आणि जेवढा मैदा जास्त तेवढी लेफ्से चिवट. भारतात करणार असाल तर वेफर्ससाठी जी कुफरी चिप्सोना जात येते ती मिळाली तर उत्तम, तिच्यात पाणी कमी असतं. अतिथंड कोल्ड स्टोरेजमधला गोडसर झालेला बटाटा नको, त्यातल्या साखरेमुळे लेफ्से शिजायच्या आधीच काळपट डाग पडतात.

सालासकट उकडायचे म्हणजे पाणी कमी शोषतात. सुरी आरपार गेली की लगेच उपसा, आणि गरम असतानाच सोलून गरम असतानाच दाबून काढा. इथे त्यासाठी लसूण पिळायच्या यंत्राचा मोठा भाऊ वाटेल असा दाबयंत्राचा प्रकार असतो. आपल्याकडे सोऱ्याला बारीक शेवेची चकती लावली तरी तेच काम होतं, पुरणयंत्र पण चालतं. मिक्सर अजिबात नाही! मिक्सरमध्ये बटाट्याची खळ होते, पोस्टर चिकटवता येतील इतकी. २ वेळा दाबून काढा, एक जरी गुठळी राहिली तरी लाटताना बरोबर तिथेच भोक पडतं.

गरम बटाट्यात बटर, मग क्रीम, मीठ, साखर. हलक्या हाताने एकत्र करा आणि मोठ्या ताटात पसरून तसंच उघडं ठेवा. झाकायचं नाही! झाकलंत तर वाफेचं पाणी परत त्यातच ठिबकतं. पूर्ण गार झालं की वर फडकं टाकून रात्रभर फ्रीजमध्ये.

आणि आता ती गोष्ट जी वहीत नव्हती आणि जिच्यामुळे माझा पहिला घाणा वाया गेला. मैदा सकाळी घालायचा, लाटायच्या अगदी आधी, आणि एका वेळी फक्त ५-६ लेफ्सेंपुरता. मी हुशारी केली, रात्रीच सगळा मैदा मळून ठेवला, म्हटलं सकाळचं काम वाचेल. सकाळी भांड्यात डिंक होता. बटाटा आणि मीठ मिळून रात्रभर पाणी सोडत राहतात आणि मैदा ते पीत राहतो, मग कितीही पीठ भुरभुरा, पोळपाट सोडतच नाही. मुरमुरने भांड्यात बोट घातलं आणि "या" म्हणाली, पण श्वास आत ओढत, कारण इकडे "हो" म्हणताना लोक श्वास आत घेतात, नवीन माणसाला वाटतं यांना दचकायला झालं की काय. मग तिने त्यातच आणखी मैदा थापला, जाड जाड छोट्या चकत्या लाटल्या, भाजल्या आणि दुपारी त्यात सॉसेज गुंडाळून दिलं. त्याला लुम्पे म्हणतात, तो इथे स्वतंत्र, मानाचा प्रकार आहे. म्हणजे बिघडलेल्या लेफ्सेला सुद्धा इथे नाव आहे, असं मी तेव्हा म्हणाले, त्यावर सासूबाई म्हणाल्या की हे लुम्पेवाल्यांना ऐकवू नकोस.

असो. तर मैदा मिसळून लगेच ६५ ग्रॅमचे गोळे करा, मोठ्या लिंबाएवढे. बाकीचे फ्रीजमध्येच राहू देत. एक गोळा तळहातात दाबून चपटा करा, कडेला चिरा नसल्या पाहिजेत, असल्या तर कडा बोटांनी मिटवून घ्या कारण आत्ताची छोटी चीर लाटताना हातभर होते. पोळपाटावर जाड सुती कापड ताणून बांधतात आणि त्या कापडात मैदा चोळतात, म्हणजे पोळी सरकते पण मैदा खूप चिकटत नाही. मधून कडेकडे लाटायचं, २-३ वेळा उचलून फिरवायचं, साधारण ३० सेंटीमीटर होईपर्यंत. शेवटचे २ हात खाचा असलेल्या लाटण्याने. त्या खाचांनी पोळीवर रेघा उमटतात आणि ती भाजताना टम्म फुगत नाही. खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातलं हेडिंग दिसलं पाहिजे, असं मुरमुर म्हणते. माझं अजून दिसत नाही, फोटो दिसतो फक्त.

तवा इकडे टाक्के म्हणतात, सपाट, गोल, चांगला अर्धा मीटर रुंद. २३० ते २५० डिग्री, कोरडा, तेलाचा थेंब नाही. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर मैदा टाकून बघा, काही सेकंदात बदामी झाला तर तयार, लगेच काळा पडला तर आच कमी करा. लेफ्से हाताने उचलायची नाही, फाटते. एक लांब, चपटी, पातळ लाकडी पट्टी असते, ती पोळीच्या मधोमध खालून सरकवायची, उचलायची, दोरीवर साडी वाळत घातल्यासारखी लेफ्से दोन्ही बाजूंनी लोंबते, मग एक कड तव्याला टेकवून पट्टी फिरवत उलगडत जायचं. हे वाचायला सोपं आहे. माझ्या पहिल्या ४ नेपाळच्या झेंड्याच्या आकाराच्या झाल्या.

एका बाजूला पाऊण ते एक मिनिट. बुडबुडे यायला लागले आणि खाली बदामी ठिपके दिसले की पट्टीने उलटा, दुसरी बाजू त्याहून कमी. फुलक्यासारखं दाबत बसू नका. आच मंद असेल तर तेवढे ठिपके यायला ३ मिनिटं लागतात आणि तोवर पोळी वाळून पापड होते, म्हणून घाई वाटली तरी चालेल पण तवा गरमच हवा. प्रत्येक २-३ पोळ्यांनंतर तव्यावरचा जळका मैदा कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर सगळ्यांना कडू वास लागतो. उतरवलेली लेफ्से लगेच दोन जाड पंचांच्या मधे, एकावर एक रचत जायची, स्वतःच्याच वाफेत मऊ होतात.

चिकटत असेल तर आधी मैदा वाढवू नका, गोळे १५ मिनिटं फ्रीजमध्ये टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. चिरत असेल तर मैदा आधीच जास्त झालाय, त्याला इलाज नाही, लुम्पे करा.

मिनेसोटाहून आलेलं कार्ड

मागच्या उन्हाळ्यात घरी अमेरिकेतली एक लांबची नातेवाईक आली, मुरमुरच्या आजीच्या बहिणीची पणती. १८२५ मध्ये स्तावांगर बंदरातून रेस्टोरेशन नावाचं छोटं जहाज ५२ माणसं घेऊन निघालं, वाटेत एक बाळ जन्मलं आणि न्यूयॉर्कला ५३ जण उतरले, तिथून पुढच्या १०० वर्षांत ८ लाखांहून जास्त नॉर्वेजियन लोक तिकडे गेले. त्यातलीच ही एक शाखा. तिच्याकडे तिच्या आजीच्या हातचं लेफ्सेचं कार्ड होतं, बटरच्या डागांनी पारदर्शक झालेलं, आणि त्यात क्रीम दुप्पट, साखर पण जास्त. मग टेबलावर वाद सुरू, खरी कुठली?

तर अशा वेळी कागद काढायचे. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिगिटालआर्कीव्हे नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट, घरबसल्या. १८०१, १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२० च्या जनगणना, चर्चची बाप्तिस्मा, लग्न, दफनाची रजिस्टरं, शिवाय परदेशी जाणाऱ्यांच्या पोलिसांनी ठेवलेल्या याद्या सुद्धा. पण आडनाव टाकून शोधायला गेलात तर डोकं फिरेल. जुनं नॉर्वेजियन नाव असं असायचं: स्वतःचं नाव, बापाचं नाव, शेताचं नाव. उले हान्सेन बाक्केन, म्हणजे हान्सचा मुलगा उले, राहणार बाक्केन. मी हे ऐकलं आणि हसलेच, हे तर आपलं झालं, नाव, वडलांचं नाव आणि पुढे गावाचं कर! फरक एवढाच की हा उले बाक्केन सोडून हाऊगेन शेतावर राहायला गेला की तो उले हान्सेन हाऊगेन व्हायचा. आपला सातारकर पुण्यात पिढ्यानपिढ्या राहिला तरी सातारकरच. १९२३ च्या कायद्याने प्रत्येक घराला कायमचं आडनाव घ्यायला लावलं, त्याच्या आधी भावाभावांची नावं वेगळी सापडली तर घाबरू नका.

म्हणून शोध शेताच्या नावाने करायचा, आणि त्याआधी चर्चचा परगणा पक्का करायचा, कारण बाक्केन नावाची शेतं पोत्याने आहेत. अमेरिकेतल्या लोकांकडे बहुतेकदा फक्त बोटीची तारीख आणि तोडमोड झालेलं शेताचं नाव असतं, तिथून बाप्तिस्म्याच्या रजिस्टरकडे जायचं, आणि त्यात लिहिलेल्या धर्ममातापित्यांची नावं पण टिपून घ्यायची, ते सहसा शेजारी नाहीतर काका मावशा असतात. १९१७ पूर्वीच्या कागदांत आत्ताचं ऑ सारखं अक्षर दोन ए जोडून लिहिलेलं असतं, आणि १९२५ च्या आधी ऑस्लो हे ऑस्लो नाही, क्रिस्तियानिया आहे. खोऱ्याखोऱ्याचं बिग्देबुक पण असतं, शेतवार पिढ्यांचा इतिहास, गावच्या लायब्ररीत मिळतं.

आता खाण्याचा भाग. १८६५ आणि १८७५ च्या जनगणनेत माणसांबरोबर गुरं आणि पेरणी पण लिहिलेली आहे. गायी किती, मेंढ्या किती, सातू म्हणजे जव किती पेरला, ओट्स किती, बटाटे किती. आम्ही त्या घराचं १८७५ चं पान उघडलं. कुळाची छोटी जागा, १ गाय, ६ मेंढ्या, थोडा सातू, २ पिंप बटाटे. गहू शून्य. गहूच नाही तर मैदा कुठला, आणि एका गाईत एवढं क्रीम कुठून? मुरमुर पानाकडे बघत बसली, मग म्हणाली हो, माझी आई सातूचंच पीठ घालायची, मी विसरलेच होते. म्हणजे दोन्ही कार्डं नंतरची, सुबत्ता आल्यावरची, एक इथली एक तिकडची. मग त्या दिवशी आम्ही निम्मं सातूचं पीठ घालून केल्या. करड्या, थोड्या खरखरीत, कडा फाटक्या, पण भाजताना घरभर जो वास सुटला तो भाकरीचा होता.

वही उघडलीच आहे तर

क्रुमकाके सगळ्यात सोपं, कारण त्याची रेसिपी आकड्यांशिवाय पण अचूक आहे. अंडी फोडून त्यांचं वजन करा, तेवढीच साखर, तेवढंच वितळलेलं बटर, तेवढाच मैदा. ३ अंड्यांना चमचाभर ताजी कुटलेली वेलची. नक्षीच्या गरम लोखंडी साच्यात चमचाभर घालून दाबायचं, बदामी झालं की काढून लगेच लाकडी शंकूवर गुंडाळायचं, ४-५ सेकंद उशीर झाला तर काचेसारखं तुटतं. हो, वेलची! इकडच्या गोड पावांत आणि बिस्किटांत पिढ्यानपिढ्या वेलची आहे, पण दुकानातली पावडर अगदी मरगळलेली असते. आई पुण्याहून हिरवी वेलची पाठवते, त्यामुळे सासरी माझं वजन वाढलंय.

नाताळला अशी ७ प्रकारची बिस्किटं करायची पद्धत आहे. त्यातल्या काहींत हरणाच्या शिंगाचं मीठ नावाची पांढरी पूड लागते, ती म्हणजे आपल्या बेकरीवाल्यांचा अमोनिया. भाजताना नाकात झोंबतो, नंतर वास उडून जातो, पण कच्चं पीठ चाटू नका, आणि जाड केकमध्ये वापरू नका, वास आतच अडकतो.

आणि ब्रूनोस्ट, तपकिरी चीज. हे घरी करायला घेऊ नका, निवळी तासन् तास आटवत बसावी लागते. पण माहिती असावी की क्रीम घातलेलं आजचं चीज याच खोऱ्यातलं, १८६३ मध्ये आन्ने हॉव्ह नावाच्या गुरं राखणाऱ्या मुलीने निवळीत क्रीम घालून पाहिलं आणि पडत्या काळात खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना हक्काचं विकाऊ पीक मिळालं. १९३३ मध्ये, ८७ व्या वर्षी, तिला राजाचं पदक मिळालं. चवीला कंदी पेढ्यात कुणीतरी मीठ सांडलंय असं. लेफ्सेत बटर लावून वर याचा पातळ काप ठेवा, साखर नको मग.

उरलेल्या लेफ्से चौघडी घालून, मधे बटर पेपर ठेवून फ्रीझरमध्ये, ३ महिने आरामात राहतात. बाहेर काढल्यावर पंचात गुंडाळूनच वितळू द्या, मायक्रोवेव्ह केला तर रबर.

मागच्या मे महिन्यात पुण्यात आईकडे केल्या. टाक्के नव्हता, डोशाचा मोठा बिडाचा तवा होता, त्यामुळे लेफ्से २५ सेंटीमीटरच्या वर जाईनात. पट्टीच्या जागी शाळेतली लाकडी फूटपट्टी, धुऊन. आईने एक लाटून बघितली, पहिल्याच झटक्यात गोल, अखंड, पातळ, मला राग आला. मग तिने पट्टी बाजूला ठेवली, पुरणपोळीसारखी लाटण्यावर गुंडाळून तव्यावर टाकली आणि म्हणाली हे बरं आहे की, एवढी काठी कशाला. व्हिडिओ मुरमुरला पाठवला. तिने ४ वेळा बघितला म्हणे, आणि सासूबाईंकडून एवढंच विचारून घेतलं की त्यांचं लाटणं किती ग्रॅमचं आहे.